अर्ध्या गच्चीचं ऊन

माझ्या ताईला दुसऱ्या कुणी ताई म्हटलेलं मला आवडत नाही. हा शब्द काही माझ्या एकटीच्या मालकीचा नाही, भाजीवालीलाही लोक ताई म्हणतात, हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं. आई गेली तेव्हा मला माझी वेणीसुद्धा घालता येत नव्हती. ताईनं वेणी घातली, ताईनं शाळेत घातलं, आणि मी दहावी होईपर्यंत स्वतःचं लग्न लांबवलं. शेजारपाजारच्या बायका तिला घोडनवरी म्हणायच्या आणि ती हसायची.

मग तिचं लग्न मराठवाड्यातल्या एका गावात झालं. त्या गावाला चांगलं जुनं नाव आहे, पण तिथं कोळशावरचं वीज केंद्र आल्यापासून सगळे त्याला नुसतं थर्मल म्हणतात. दाजी थर्मलमध्येच कामाला होते, पुढे मुलगाही तिथंच लागला. मी लग्न होऊन हैदराबादला आले, सरकारी नोकरी लागली, तारनाक्याला घर झालं. त्यानंतर ताई वर्षभर नवऱ्याची, मुलाची, सुनेची असायची. माझी असायची ती फक्त उन्हाळ्यात, वाळवणाच्या दिवसांत.

कारण थर्मलमध्ये वाळवण घालता येत नाही. उंच धुराड्यांतून निघालेली राख वाऱ्यासोबत गावावर येते आणि कुठंही बसते. सकाळी पांढऱ्याशुभ्र घातलेल्या कुरडया संध्याकाळी करड्या झालेल्या. पापड तळले की दाताखाली कचकच. ताईची एक सवय होती. अंगणात काहीही वाळत घालण्याआधी ती एक पांढरं फडकं ओलं करून बाजेवर पसरायची, थोड्या वेळानं त्यावरून बोट फिरवायची आणि मग ठरवायची. बहुतेक वेळा फडकं काळं यायचं आणि डाळ परत डब्यात जायची. म्हणून ती चैत्रात गहू आणि उडीद बांधून माझ्याकडे यायची. मी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर तिला घ्यायला जायचे. येता येता आम्ही अफझलगंजला उतरून पापडखार, मिरे आणि हिंग घ्यायचो, आणि मग ते दिवस माझे. गंमत म्हणजे हैदराबादच्या गच्चीवरही ती आधी फडकं पसरून बोट फिरवायचीच. मी चिडवायचे, "अगं, इथं कुठलं थर्मल?" ती म्हणायची, "हाताला सवय झालीय गं."

आमचं घर दोन मजली. खाली आम्ही, वर बाई. बाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, वयानं ताईच्याच बरोबरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं घराणं या शहरातलं जुनं, आजोबा वकील, वडील मोठे अंमलदार. मराठी अशी बोलायच्या की मधूनच उर्दू शब्द अलगद यायचा आणि ऐकणारी आपोआप पदर सावरायची. माझं बोलणं त्यांच्यासमोर मलाच आडदांड वाटायचं. ही पहिली जळजळ, ती फार जुनी.

दुसरी त्यांच्या सासूबाईंमुळे. त्या होत्या तोवर आमचे कपडे गच्चीवरच्या तारेवर दिसले की त्या आपले काढून नेत. का काढतात ते कुणी बोललं नाही आणि आम्हाला विचारायची गरज नव्हती. सासूबाई गेल्या, पण माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. बाई स्वतः कधी तसं वागल्या नाहीत हे खरं. दरवर्षी ताई त्यांना पापडांचा एक डबा द्यायची, त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या. पण पुढे ते पापड त्या खातात की कामवालीला देतात, हा किडा माझ्या मनात वळवळत असायचाच.

गच्ची कागदोपत्री अर्धी त्यांची आणि अर्धी आमची. वापरताना कुणी ते पाहत नव्हतं. आमच्या अर्ध्यात पाण्याची टाकी, शिवाय शेजारच्या बदामाच्या झाडाची सावली दुपारनंतर तिथंच यायची. बाईंच्या अर्ध्यात मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत खणखणीत ऊन. त्यामुळे ताईच्या बाजा नेहमी त्यांच्याच बाजूला पडायच्या.

राज्याचे दोन भाग झाले त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या ऑफिसात कपाटं, टेबलं, पंखे, माणसं, सगळ्यांची वाटणी चालू होती. ज्या कपाटावर या रंगाची चिकटपट्टी ते या राज्याचं, त्या रंगाची ते त्या राज्याचं. वीस वर्षं एका डब्यातून जेवलेल्या बायका खुर्चीवरून भांडत होत्या. मला चिडवायला एक शिपाई हमखास यायचा. "मॅडम, इधर वाले इधर, उधर वाले उधर. तुम मराठी लोगां किधर जाते?" मी म्हणायचे, "कपाटात." पण दिवसभर हे तुझं, हे माझं ऐकून माणूस घरी येतो तो तेच डोक्यात घेऊन येतो.

त्यात वीज जायला लागली. वाटणीत नव्या राज्याच्या वाट्याला वीज कमी आली असं सगळे म्हणायचे. कधीही जायची, आणि आली तरी टिकेल याची खात्री नाही. ऑफिसात घामाघूम व्हायचं आणि घरी येऊन पुन्हा हातपंखा घ्यायचा.

अशात एक दिवस संध्याकाळी घरी आले तर वरून ठोकाठोकीचा आवाज. गच्चीवर गेले. बाईंच्या अर्ध्यात लोखंडी सांगाडे उभे राहिले होते आणि दोन माणसं त्यावर निळ्या काळ्या तकट्या चढवत होती. सोलर! बाई पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या राहून बघत होत्या, घरात लग्नाचा मांडव पडत असल्यासारखा चेहरा.

"बाई, हे काय?"

"सोलर बसवतेय. फार दिवस मनात होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "ताईंना वाळवणाची थोडी तकलीफ होईल. पण करू काही तरी इंतजाम."

ताईंना! माझ्या अंगाचा भडका उडाला. एक तर ऊन घेतलं, त्यावर ताईही घेतली. मी तिथंच म्हटलं, "आमच्या ताईचं आम्ही बघू." खाली आले, माळ्यावर ठेवलेला काव शोधला, पाण्यात कालवला, आणि ती माणसं गेल्यावर गच्चीच्या मधोमध ब्रशनं लाल रेघ मारली. ऑफिसातल्या चिकटपट्टीपेक्षा माझी रेघ सरळ आली होती.

मला खरं काय डाचत होतं ते सांगते. आता वीज जाईल तेव्हा आम्ही खाली घामात बसणार आणि वर बाईंचा पंखा गरगरणार. माझी ताई, ऊन सोसून पापड लाटून दमलेली, माझ्या घरात हातपंखा हलवत बसणार आणि वर बघणार. ती तोंडानं म्हणणार नाही, पण तिला वरच बरं वाटेल. आणि जागाच नसेल तर ती येणारच नाही. मी फोनवर जागेचं सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणालीच, "मग औंदा ऱ्हाऊ दे का? उगं तुला तरास."

मी फोनमध्येच ओरडले. "ऱ्हाऊ दे काय? अर्धी गच्ची माझी आहे. तू ये."

आणि मी इन्व्हर्टर घेतला. आमच्या ह्यांनी, म्हणजे रेल्वेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या माझ्या नवऱ्यानं, विचारलं की इतकी वर्षं चाललं, आताच काय अडलं. मोठी बॅटरी दाराशी आली, लाकडी फळीवर बसली, आणि तिचा हिरवा दिवा बघून मला फार शांत वाटलं. सोलर असेल तुमच्याकडे. माझ्या ताईच्या डोक्यावर पंखा फिरेल.

ताई आली. पाणी प्यायली आणि पहिल्यांदा गच्चीवर गेली. मी मागोमाग. मला वाटलं होतं, नेहमीची उन्हाची जागा गेलेली बघून तिचा चेहरा पडेल आणि मग मी बाईंविषयी जे साठवून ठेवलं होतं ते बोलायला सुरुवात करीन. ताई त्या तकट्यांसमोर उभी राहिली, नेहमीच्या सवयीनं एकीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "ह्याच्यातनं वीज व्हती?"

"हो."

"जाळ न्हाई, धूर न्हाई?"

"नाही."

"आन् राख?"

"कसली राख?" मी वैतागून म्हटलं.

कमरेचं फडकं काढून तिनं ती तकटी पुसायला घेतली, मग दुसरी, मग तिसरी. बाई वर आल्या तेव्हा ती सगळ्या पुसून पदरानं घाम टिपत होती. बाई म्हणाल्या, "अहो ताई, हे काय करताय!" आणि ताई लाजून म्हणाली, "चांगली वस्तू हाय. पुसाया पायजे." माझ्या घरातला आरसा तिनं इतक्या मायेनं कधी पुसला नव्हता.

मग रोजचंच झालं. ताई सकाळी उठून आधी वर जायची, तकट्या पुसायची, आणि बाई चहा घेऊन यायच्या. जागेचा प्रश्न त्या दोघींनी मला न विचारता सोडवला. बदामाची सावली जशी सरकायची तशा बाजा सरकवायच्या. बाजेचं एक टोक ताई धरायची, दुसरं बाई. मी ऑफिसातून येऊन जिना चढायचे तो वरून दोघींचं हसणं ऐकू यायचं. माझ्याशी बोलताना ताई अशी हसत नाही. माझ्याशी बोलताना ती मी जेवले का ते विचारते.

एकदा बाज माझ्या लाल रेघेवर आडवी पडली होती. ताईनं खाली बघितलं. "ही रेघ कुणी काढलीय गं?"

बाई म्हणाल्या, "मुलांनी काढली असेल खेळताना."

"हितं लेकरं कुठली?" ताई म्हणाली. बाईंनी माझ्याकडे न बघता बाज सरकवायला घेतली. त्यांचं ते न बघणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. एवढं मोठं मन दाखवायचं काही कारण होतं का?

ज्या संध्याकाळची मी वाट बघत होते ती अखेर आली. पापडाचं पीठ कुटून तेलाचा हात लावून झाकून ठेवलं होतं, दिवेलागणीची वेळ होती, आणि वीज गेली. सगळी गल्ली काळी झाली. आमच्याकडे मात्र खट् झालं, ट्यूब लागली, पंखा फिरला. मी खिडकीतून वर पाहिलं. बाईंच्या खिडक्या अंधारात!

मी पुन्हा पाहिलं. अंधारच. इतका आनंद मला माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाचाही झाला नव्हता. "ताई, ताई, इकडे ये! बघ, सोलरवाल्यांकडे मिट्ट काळोख, आणि आपल्याकडे बघ."

ताई खिडकीशी आली, वर बघितलं, मग आमच्या पंख्याकडे बघितलं, मग दाराशी ठेवलेल्या बॅटरीकडे. "ही वीज कशावर चालती?"

"लाईट असते तेव्हा भरून ठेवते ती."

"म्हंजी थर्मलचीच."

"असेल थर्मलची. गार वारा लागतोय ना?"

तिनं पिठाच्या लाट्या ताटलीत घेतल्या, वर दुसरी ताटली झाकली आणि चपला घातल्या. "त्या एकट्याच बसल्यात अंधारात," म्हणाली आणि गेली. माझा लखलखीत उजेड आणि फिरता पंखा सोडून ती अंधारात बसायला वर गेली. ह्यांनी पेपरातून डोकं काढलं आणि माझा चेहरा बघून परत पेपरात घातलं.

मग मीही जिना चढले. दार उघडं होतं. आत दोघी जमिनीवर बसल्या होत्या, मधे ताटली, आणि बाई लाटी खात होत्या. ताईच्या हातची, आमच्या घरच्या पिठाची लाटी, तेलात बुडवून, बोटं चाटत. माझ्या मनात इतकी वर्षं वळवळणारा तो किडा तिथंच मेला, आणि त्याचंही मला बरं वाटलं नाही. आता रागवायला एक कारण कमी झालं.

"या, सांभाळून या, उंबरा आहे," बाई म्हणाल्या.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "सोलर असून अंधार कसा हो बाई?"

"लाईन गेली की हेही बंद पडतं. तारा दुरुस्त करायला माणूस खांबावर चढलेला असतो, त्याला माझ्या छताच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. तसंच असतं हे. बॅटरी मी ठेवली नाही."

"मग दिवसभर ती वीज जाते कुठं?"

"तारेत. जवळ ज्याच्या घरी चालू असेल त्याच्याकडे. तुमच्याकडेसुद्धा येत असेल."

ताईला हसू फुटलं. "म्हंजी हिच्या त्या डब्यात पण तुमचीच वीज हाय व्हय?"

"थोडीफार असेल," बाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या. ज्या उजेडावर मी मघाशी नाचत होते त्यातसुद्धा बाईंचा वाटा निघाला.

"मग बसवलंत कशाला?" मी म्हटलं. आवाज चढलाच. "अंधारात बसायचं होतं तर? बिल वाचवायला?"

बाईंनी हात पुसले. "गेल्या साली ताईंनी पापडाचा डबा दिला, तो एका फडक्यात बांधलेला होता. मी फडकं धुवायला घेतलं तर पाणी शाईसारखं झालं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, अंगणात बाजेवर पसरते तेच फडकं आहे. खोकल्याचंही सांगितलं. त्यानंतर बटण दाबताना मला बरं वाटेना. पंखा मी लावायचा आणि राख दुसऱ्याच्या ताटात पडायची, हा कुठला इन्साफ?"

"इथली वीज आमच्या ताईच्या थर्मलची नाही," मी म्हटलं. हे मला ऑफिसमुळे पक्कं ठाऊक होतं. "ते राज्य वेगळं."

"तुमच्या ताईंच्या अंगणातून येत नसेल," बाई म्हणाल्या. "कुणाच्या तरी ताईच्या अंगणातून येतेच ना."

माझ्या कानात एकच शब्द अडकला होता. खोकला. मी ताईकडे वळले. "कसला खोकला? तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय, तू रडत बसतीस."

"यांना सांगितलंस ते?"

"त्या रडल्या न्हाईत. सोलर बसवलं."

ती हे सहज म्हणाली, मला टोचायला नाही. म्हणूनच जास्त टोचलं. मला वाटत होतं ताईची मी सगळ्यात जवळची, आणि ताईनं मला लहानच ठेवलं होतं. दुखणं बाईंच्या वाट्याला, आणि माझ्या वाट्याला जेवलीस का.

थोड्या वेळानं ताईच म्हणाली, "पर बाई, तुमी म्हणता तसं समदीच गच्चीवर वीज कराय लागली, तर माझ्या पोराचं काम ऱ्हाईल का? थर्मलच्या पगारावरच आमचं घर उभं हाय."

बाईंनी ताटली जरा बाजूला सारली. "याचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई," त्या म्हणाल्या. "त्यांना दुसरं काम द्यायलाच हवं, नाहीतर आपला इन्साफ अर्धाच. पण काम आहे म्हणून छातीत राख भरू द्यायची, हेही मला पटत नाही."

ताईनं मान हलवली आणि आणखी एक लाटी त्यांच्या हातावर ठेवली. वीज आली तेव्हा तिघींचे डोळे दिपले आणि खाली आमच्या इन्व्हर्टरचा खट् आवाज झाला.

ताई परत गेली. बसमध्ये चढताना खोकली, आणि मी बघितलं हे बघून तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर मला चैन पडेना. कितीही डोकं फिरवलं तरी बाईंचं म्हणणं खोडता येईना, आणि त्या बरोबर आहेत हे कबूल करायला जीभ वळेना. पण खरी टोचणी वेगळीच होती. माझ्या सख्ख्या बहिणीच्या छातीतल्या राखेपायी कुणीतरी काही केलं होतं, आणि ते कुणीतरी मी नव्हते. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. लोक म्हणतात सत्कर्म शुद्ध मनानं करावं. माझं मन तसं असतं तर मी आजही नुसती हळहळत बसले असते.

पावसाळा सरल्यावर मी सोलरवाल्याला बोलावलं. त्यानं टाकी हलवायला सांगितली, बदामाच्या मालकाशी बोलून वरच्या दोन फांद्या छाटायला सांगितल्या, मोजमाप घेतलं आणि म्हणाला की आमच्या अर्ध्यात तकट्या बसतील, पण मग बाज टाकायला जागा उरणार नाही. ह्यांनी विचारलं, "मग पापड?"

त्यांनी पापड म्हटलं आणि मला ताई ऐकू आलं. बसवावं तर ताईला यायचं कारण संपतं. न बसवावं तर ताई येईल, पण माझ्या घरी उतरून वर जाईल, बाईंच्या तकट्या पुसायला. दुसऱ्या दिवशी मी दोनदा गच्चीवर जाऊन ती जागा पावलांनी मोजली. मग सांगून टाकलं, बसवा. सांगाडे उभे करताना माणसांनी माझ्या लाल रेघेवरच बोल्ट ठोकले. बाई वर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "वा, मुबारक हो." मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा एक तकटी जास्त आहे."

ताईला फोनवर सांगितलं. जागा नाही, हेही सांगितलं. पलीकडून खोकला ऐकू आला. मग म्हणाली, "बरं केलंस." येते का, हे तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. चैत्र लागेपर्यंत मी फोनवर इकडचं तिकडचं बोलत राहिले.

ती आली. गौलीगुड्याला उतरली तेव्हा हातात गव्हाचं गाठोडं नव्हतं, उडदाचा डबा नव्हता. एक पिशवी, आणि पिशवीत वर घडी घातलेलं पांढरं फडकं. अफझलगंजला उतरायचं काही काम नव्हतं, तरी सवयीनं आम्ही दोघी उतरायला उठलो आणि परत बसलो.

घरी आल्यावर पाणी प्यायली आणि वर गेली. मी मागे. मला एकच बघायचं होतं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ती आधी कुणाच्या पुसते?

तिनं आधी बाईंच्या पुसल्या.

मग माझ्याकडे आली. माझ्या एकेक तकटीवरून फडकं फिरवलं, कोपऱ्यातसुद्धा बोट घातलं, आणि शेवटी फडकं उलगडून माझ्यापुढे धरलं. ते तांबूस झालं होतं. "बग," म्हणाली, "नुसती धूळ. धुतली की गेली." तिनं ते नाकाशी नेऊन हुंगलं. खोकली. मग जिन्याच्या पायरीवर बसली आणि मलाही शेजारी बसवलं.

"आता एकच वाटतंय बग," ती म्हणाली. "मरायच्या आधी एकदा माझ्याच अंगणात कुरडया घालाव्या. सांजच्याला उचलताना पांढऱ्याच असाव्या."

आमच्या दोन अर्ध्यांनी तिच्या गावचं एकही धुराडं विझलेलं नाही. तेवढं मला समजतं. पण कधीतरी विझावं, तिच्या बाजेवरचं फडकं पांढरंच राहावं, हे मला तेव्हा अगदी आतून वाटलं. आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरंही वाटलं. ज्या दिवशी तिच्या अंगणात कुरडया पांढऱ्या वाळतील, त्या दिवशी तिला माझी गच्ची लागणार नाही. मी जे मागतेय ते मिळालं तर ताई मला मिळणार नाही. तिच्या अंगणातल्या त्या अजून न पडलेल्या स्वच्छ उन्हाचाही मला हेवा वाटला.

"होईल गं तसं," मी म्हटलं. "पण तोवर दरवर्षी यायचं. ह्या पुसायला."

"येईन की," ती म्हणाली. तेवढ्यात बाई चहा घेऊन वर आल्या, आणि ताईनं त्यांना बसायला माझ्या आणि तिच्या मधे जागा केली.